सुटं अक्षर विकलंत, तिथे परवाना संपला

प्रश्न : मी सांगलीत घरूनच रेझिनच्या कीचेन, एमडीएफच्या नेमप्लेट आणि भरतकामाचे हूप करते. 2022 मध्ये वेलीफुलांच्या अक्षरांचा एक इंग्रजी फॉन्ट ‘कमर्शियल लायसन्स’सह विकत घेतला, पावती आहे. चार महिन्यांपूर्वी परदेशातल्या त्या डिझायनरचा ईमेल आला होता. फसवणुकीचा वाटला म्हणून सोडून दिला. आता त्याच्या मुंबईच्या वकिलाची नोटीस आली आहे : 15 दिवसांत 4 लाख 80 हजार भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई. फॉन्टला कॉपीराइट नसतो ना? शिवाय माझं काम हाताचं आहे. उत्तर द्यायलाच हवं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : द्यायलाच हवं. पंधरापैकी किती दिवस गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा आजच कामाला लागा.

राख्या, पणत्या, टोट बॅग करणाऱ्या किती तरी जणींची याच धर्तीची पत्रं येतात. प्रत्येकीकडे पावती जपून ठेवलेली असते, परवाना मात्र एकीनेही वाचलेला नसतो. तुम्हीही कीचेनचे डझनभर सुंदर फोटो पाठवलेत आणि परवान्याचं फक्त पहिलं पान, त्यातही ‘कमर्शियल यूज अलाउड’ एवढंच पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं. तुमचं प्रकरण त्या ओळीवर उभंच नाही.

नोटिशीच्या चौथ्या परिच्छेदात परवान्यातलं एक कलम उतरवून दिलं आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा : फॉन्टची सुटी अक्षरं किंवा पूर्ण वर्णमाला हाच ज्या वस्तूचा मुख्य भाग आहे, म्हणजे शिक्के, स्टेन्सिल, साचे, स्टिकर, आद्याक्षरांच्या वस्तू, त्या या परवान्यात येत नाहीत, त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा. सजावटी फॉन्ट विकणारे बरेच जण असं कलम घालतात, आणि त्याला कारण आहे. साध्या फॉन्टमध्ये गिऱ्हाईक मजकूर विकत घेतं. वेलीफुलांच्या फॉन्टमध्ये एकटा ‘एस’ हेच चित्र असतं. ‘एस’ रेझिनमध्ये ओतून कीचेन म्हणून विकलात की तुम्ही डिझायनरचं चित्रच विकलंत. लग्नपत्रिका, लेबल, दुकानाची पाटी यांसाठी दिलेली परवानगी तिथे पुरत नाही. तुमच्या फोटोंतल्या बहुतेक कीचेनवर एकच अक्षर आहे.

म्हणून पहिलं काम : 2022 मध्ये डाउनलोड केलेली मूळ झिप फाइल शोधा. जुन्या लॅपटॉपवर असेल, ईमेलमधल्या लिंकवर असेल, ज्या संकेतस्थळावरून घेतलात तिथल्या खात्यात असेल. त्या झिपमध्ये परवान्याची पीडीएफ किंवा साधी टेक्स्ट फाइल असते. तुम्हाला लागू होतो तो खरेदीच्या दिवशीचा मजकूर. नोटिशीत उतरवलेला मजकूर आज संकेतस्थळावर असलेला असू शकतो, आणि हे लोक अटी अधूनमधून बदलतात. सुट्या अक्षरांचं कलम तुमच्या 2022 च्या फाइलमध्ये नसेल, तर नोटिशीतली निम्म्याहून जास्त हवा गेली. असेल, तर पुढचं सगळं तडजोडीच्या रकमेबद्दल आहे. त्याच मजकुरात मुदतही बघा. आपल्या कॉपीराइट कायद्यात परवान्यावर मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. बहुतेक फॉन्टवाले कायमचा आणि जगभराचा परवाना देतात, पण मजकूर बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना पार्सल पाठवत असाल तर ती ओळ आधी वाचा.

मग ऑर्डरची वही उघडा आणि मालाचे तीन ढीग करा. एका अक्षराच्या कीचेन आणि मॅग्नेट पहिल्या ढिगात : कलम असेल तर हे परवान्याबाहेर. पूर्ण आडनावाच्या नेमप्लेट दुसऱ्यात : इथे वाद घालता येतो, पण काही परवान्यांत ‘गिऱ्हाइकाने निवडलेला मजकूर’ हासुद्धा वेगळा मना असतो, तेव्हा तेही तपासा. तुमचा लोगो, आभारपत्र, डब्यावरचं लेबल तिसऱ्यात, आणि ते बहुधा आत. नोटिशीने तिन्ही एकत्र धरून आकडा फुगवला आहे. तो फोडायचा तर वही हाच तुमचा पुरावा. वही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर आहे म्हणत असाल, तर चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. काहीही डिलीट करू नका.

आता ‘फॉन्टला कॉपीराइट नसतो’. हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. 2002 मध्ये ‘आनंदा एक्सपांडेड इटालिक्स’ या प्रकरणात आपल्या तेव्हाच्या कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसची, म्हणजे अक्षरांच्या वळणाची, कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली होती. अमेरिकेतही टाइपफेसच्या नुसत्या आकाराला कॉपीराइट देत नाहीत. पण फॉन्टची फाइल हा संगणक प्रोग्राम म्हणून संरक्षित आहे, असं तिथल्या न्यायालयाने 1998 मध्ये ॲडोबीच्या दाव्यात मान्य केलं. भारतात फाइलबद्दल इतका स्वच्छ निकाल आहे असं समजून मी तुम्हाला कोर्टात पाठवणार नाही. पण तुमची अडचण तिथवर जायच्या आधीचीच आहे. आनंदाच्या प्रकरणात वाद अक्षरांच्या वळणाचा होता. तुमच्या ‘आर’च्या पोटात फर्नची पानं आहेत, शेपटीवर दोन कळ्या आहेत, देठाला पीळ आहे. ती पानं ‘आर’वरून सोलून काढली तरी चित्र म्हणून उभी राहतात, आणि चित्र ही कलाकृती आहे. समोरचा वकील हेच म्हणेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. डिझायनर परदेशी आहे हा मुद्दाही टिकत नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांतल्या कृतींना 1999 च्या इंटरनॅशनल कॉपीराइट ऑर्डरमुळे इथे संरक्षण मिळतं.

हाताने केलं म्हणून सुटका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्ये सपाट चित्राची त्रिमितीय नक्कल हासुद्धा मालकाचाच हक्क आहे. रेझिन, लाकूड, दोरा, कशातही. आणि एमडीएफ लेझरने कापून घेता, कडा तेवढ्या घासता, याला हाताचं काम कोर्ट किती म्हणेल कोण जाणे. आणखी एक समजूत जोरात फिरते आहे, की 50 नगांच्या आत केलं तर कॉपीराइट लागत नाही. कलम 15 मध्ये 50 चा आकडा आहे खरा, पण तो उलट दिशेने चालतो. डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने ते वस्तूवर यांत्रिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त वेळा उतरवलं, तर मालकाचा कॉपीराइट जातो. तुम्ही परवानगीशिवाय केलेल्या कीचेन त्यात मोजत नाहीत. फॉन्टच्या बाबतीत या कलमाचा बचाव घेता येईल का, हा वकिलांनी वरच्या कोर्टात भांडण्याचा विषय आहे. 4 लाख 80 हजारांच्या नोटिशीसाठी तो खर्च परवडणार नाही.

तो चार महिन्यांपूर्वीचा ईमेल. फसवणूक वाटली, तर डिझायनरच्या पानावर जाऊन पत्ता पडताळायला दहा मिनिटं लागली असती. कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं समजायला कारणही नव्हतं असं सिद्ध झालं, तर कलम 55 प्रमाणे वादीला मनाई हुकूम आणि नफ्याचा सगळा किंवा काही भाग एवढंच मिळतं, नुकसानभरपाई नाही. परवान्याची पावती हातात असलेल्या माणसाला हा बचाव मुळातच अवघड. ईमेलनंतर विकलेल्या मालासाठी तर तो संपलाच. त्या चार महिन्यांची विक्री वेगळी काढा. समोरच्याचा खरा जोर तेवढ्यावरच आहे.

फौजदारीची धमकी तुम्ही समजता तितकी पोकळ नाही, पण अंगावर काटा येण्याइतकीही नाही. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. मात्र त्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे. पैसे भरून परवाना घेतलेल्या, कलमाचा अर्थ चुकलेल्या बाईवर तो बसवणं सोपं नाही. नोटीस मिळाल्यावरही तेच कीचेन विकत राहिलात तर सोपं होईल. इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट आणि दुकानाची पानं आज रात्रीच ‘अर्काइव्ह’ करा, पुसू नका.

रकमेचं म्हणाल तर 4 लाख 80 हजार हा कायद्यातला आकडा नाही, मागणी आहे. प्रत्येक प्रकारच्या मालाला एक महागडा परवाना आणि वर दंड असा गुणाकार दिसतो. हिशेब मागा. कॉपीराइटच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला उल्लंघनाच्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते. तेव्हा 2022 च्या दिवाळीतल्या विक्रीचे पैसे मागायला ते आता उशिरा आले आहेत. तीन लाखांच्या वरचा असा दावा व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि मध्यस्थी झाली तर ती तुमच्या सोयीची. दावा सांगलीत लागेल की ऑनलाइन विक्रीच्या जोरावर मुंबईत ओढतील, हे आत्ता सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र पाठ करा. समन्स लागल्यापासून लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, 30 दिवसांत द्यायची, कोर्टाने कारण मान्य केलं तर 120 पर्यंत, त्यानंतर हक्क गेला. पुराव्याची तारीख पडायला दोन पावसाळे जातील, साहेबांची बदली होईल, फाइल सापडणार नाही. पण हे 120 दिवस कोणी लांबवून देत नाही. ईमेलसारखं समन्स ड्रॉवरमध्ये टाकलंत तर तुमच्याशिवायच निकाल लागेल.

नोटिशीचं उत्तर स्वतः लिहू नका, सॉरी म्हणणारा व्हॉट्सॲप तर मुळीच पाठवू नका. वकिलामार्फत, ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे यातलं काही आमच्याविरुद्ध कबुली म्हणून धरू नये) असं शीर्षक घालून, दोन पानांत पाठवा. त्यात 2022 चा परवाना सांगा. फॉन्ट कोणी रेखाटला आणि हक्क या पक्षकाराकडे कसे आले त्याचे कागद, वकिलाचं अधिकारपत्र, कोणत्या तारखेचा परवाना उतरवला आहे तो मजकूर आणि रकमेचा हिशेब मागा. विक्री थांबवल्याचं कळवा, चूक कबूल करू नका. सुट्या अक्षरांसाठी वेगळा परवाना घ्यायची तयारी दाखवता येईल, पण घाईने ऑनलाइन विकत घेऊन ‘आता झालं’ म्हणू नका. आजचा परवाना कालच्या विक्रीला लागत नाही. तडजोडीच्या करारात ‘या फॉन्टच्या आजवरच्या सर्व वापराबाबत कोणताही दावा राहिलेला नाही’ अशा अर्थाचं वाक्य हवं. ते नसेल तर पैसे सोडू नका.

पत्रात शेवटी सहज लिहिलंय, की लेझरवाल्याला ‘फॉन्टची फाइलच पाठवून ठेवलीय, म्हणजे दर वेळी कर्व्ह करून (अक्षरांच्या नुसत्या रेषा करून) द्यायला नको’. ताई, ही सोय महागात पडेल. फॉन्टची फाइल तिसऱ्याला देणं जवळजवळ प्रत्येक परवान्यात मना असतं, आणि नोटिशीत याचा उल्लेख नाही कारण त्यांना अजून माहीत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवरून ती काढायला सांगा, काढल्याचं त्याच्याकडून मेसेजवर घ्या, आणि त्याने दुसऱ्या कोणाच्या कामात वापरली का तेही विचारा. यापुढे कर्व्ह केलेलंच पाठवा.

नवं काम करायचं तर रस्ते आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. ते वापरून केलेला माल विकता येतो, फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही. अक्षर त्यातलं घ्या, पानं तुम्ही काढा. जास्वंद, आघाडा, तगर काढायला कोणाचा परवाना लागतो? जुनंच हवं असेल तर इंग्लंडचे डिझायनर विल्यम मॉरिस यांनी 1891 मध्ये काढलेल्या केल्मस्कॉट छापखान्याची द्राक्षवेलींची आद्याक्षरं आहेत. मॉरिस 1896 मध्ये वारले, कॉपीराइट कधीच संपला. मात्र कोणीतरी त्यावरून आज केलेला फॉन्ट उचललात तर पुन्हा त्याच्या परवान्यात अडकाल. जुन्या पुस्तकाच्या पानावरून स्वतः गिरवा.

पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाचा स्टॉल रद्द करू नका. हूप, रेझिनचे ट्रे, जे या फॉन्टशिवाय आहे ते मांडा. लग्नाच्या रिटर्न गिफ्टसाठी ॲडव्हान्स घेतलेली कीचेनची ऑर्डर मात्र या अक्षरांत देऊ नका. त्या मंडळींना फोन करा : हाताने काढलेलं अक्षर चालत असेल तर त्याच भावात करून द्या, नाहीतर ॲडव्हान्स यूपीआयने परत करा आणि त्याचा स्क्रीनशॉट वकिलाच्या फाइलला लावा.