शेवटच्या प्रसंगात संगीत का नाही?

प्रश्न : ‘सैराट’वरून आमच्या घरी नेहमी वाद होतो. माझे थोरले दीर म्हणतात की, नवख्या मुलांऐवजी मुरलेले नट घेतले असते तर चित्रपट आणखी उंचीवर गेला असता. मला ते पटत नाही. शिवाय अजय-अतुल यांच्यासारखे संगीतकार हाताशी असताना शेवटचा प्रसंग आवाजाविना का ठेवला असावा?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : निवडीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि करमाळ्याकडचा आकाश ठोसर यांना त्याआधी कोणी पडद्यावर पाहिलेले नव्हते. ओळखीचा नट दिसला की ‘हा काही मरायचा नाही’ असा हिशेब आपण नकळत मांडून बसतो. रिंकू-आकाशने रंगवलेल्या आर्ची-परशाला ते कवच नव्हते. सोलापूरकडची बोली तर रिंकूला शिकावीच लागली नाही, आणि २९ एप्रिल २०१६ रोजी चित्रपट लागण्यापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. मात्र दिरांचे म्हणणे अगदीच मोडीत काढू नका. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त नवखा सोमनाथ अवघडे जो उठून दिसतो, त्यात बाप झालेल्या किशोर कदम यांच्यासारख्या कसलेल्या नटाचाही वाटा आहे.

आता संगीताविषयी. या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या रानात, विहिरीच्या काठावर व्हायोलिनांचा तो भरगच्च ताफा वाजतो, तेव्हा या दोन पोरांना आपले प्रेम केवढे मोठे वाटते आहे, ते आपल्याला ऐकू येते. चारही गाणी मध्यंतराआधीच संपतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत त्यांच्यामागे एकही गाणे जात नाही. आणि शेवटी आर्ची-परशाच्या खुनानंतर त्यांचा लहानगा मुलगा आकाश दारात येतो, तेव्हा त्याचे रडणेसुद्धा ऐकू येत नाही. तिथे करुण सूर लावला असता तर कसे रडायचे हे संगीताने आपल्याला सांगितले असते, आणि रडून आपण मोकळे झालो असतो. दिग्दर्शकाने ती सुटका दिली नाही. तिथे ओळखीचा नट असता तर त्या शांततेतही ‘काय काम केलंय!’ हा विचार मनात आला असता, असे मला वाटते. म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच गोष्टीचे वाटतात.

हा परिणाम चित्रपटगृहातच कळतो. घरी आवाज गेला की माणूस आधी रिमोट शोधतो. मी हा चित्रपट २०१६ च्या मे महिन्यात तालुक्याच्या एका जुन्या, एकपडदा चित्रपटगृहात पाहिला. ‘झिंगाट’ सुरू होताच पुढच्या चार रांगा उठून नाचत होत्या, आणि माझ्या शेजारचा गडी गळ्यातला टॉवेल गरगरा फिरवत शिट्ट्या मारत होता. अखेरीस मात्र भिंतीवरच्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. दिवे लागले, दारे उघडली, तरी तो गडी टॉवेलची घडी मांडीवर ठेवून तसाच बसून होता.