गाइडातली बातमी आणि ग्रुपवरची अफवा

प्रश्न : मी नववी-दहावीला मराठी शिकवते. मुलं बातमीलेखन गाइडातून पाठ करून येतात. प्रत्येक कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’. हीच मुलं घरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही खरं मानून पुढे पाठवतात. शाळेत मोबाइल चालत नाही. अभ्यासक्रम सांभाळून काय करता येईल? — एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : ताई, मी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो, आता शाळांमध्ये बातमीलेखनाचे तास घेतो. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. गाइडातली बातमी लिहिताना मुलाला कोणाला काही विचारावं लागत नाही. फॉरवर्ड करतानाही नाही.

म्हणून न झालेल्या समारंभाची बातमी मी लिहायला देत नाही. शाळेच्या नळाला पाणी नाही? त्याची बातमी आणा. प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहायचं : हे कोणी सांगितलं, की स्वतः पाहिलं? शिपाईकाका म्हणतात टाकी फुटली, मुख्याध्यापक म्हणतात मोटार जळाली. दोघांचं म्हणणं ज्याच्या त्याच्या नावाने लिहायचं आणि जिना चढून टाकी बघायची. समास कोरा राहिला तर वाक्य खोडायचं. सुरुवातीला निम्मी बातमी खोडली जाते, मुलं हिरमुसतात. पण पुढच्या वेळी तीच मुलं चार माणसांना विचारून येतात.

मोबाइल नाही याची काळजी करू नका. २०१८मध्ये मुलं पळवणाऱ्यांचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. मूळची ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म. तिच्या शेवटी मोटारसायकलवरचे दोघं मुलाला परत आणून सोडतात. नेमका तो भाग कापलेला होता. हे वर्गात सांगा. मग वह्यांची अदलाबदल करून मित्राच्या बातमीतलं एकच वाक्य असं काढायला लावा, की अर्थ फिरला पाहिजे. मुलांना ते चटकन जमतं. इतकं सोपं असतं हे त्यांना स्वतःच्या हाताने कळायला हवं.

राईनपाड्याबद्दल बोलायलाही कचरू नका. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा. पंधरा वर्षांच्या मुलांना हे ऐकवणार नाही, तर कधी ऐकवणार?

६ जानेवारीला, म्हणजे १८३२मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ज्या दिवशी निघालं त्या दिवशी, शाळेत पत्रकार दिनाची भाषणं होतात. त्याऐवजी मुलांच्या बातम्यांचं भित्तिपत्रक लावा, समासातल्या नोंदींसकट. पालकही थांबून वाचतात.

राहिली परीक्षा. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी असतेच, म्हणजे हे तास अभ्यासक्रमातलेच आहेत. शीर्षक, स्थळ, दिनांक, पहिल्या परिच्छेदात कोण-काय-कधी-कुठे, हा साचा खरी बातमी लिहिलेल्या मुलांना सराव परीक्षेआधी एक-दोन तासांत बसवता येतो.