पेपर संपला, तरी घरात परीक्षा चालूच

दर मे महिन्यात अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पेपर छान गेला म्हणत मुलगी हसत घरी आली. संध्याकाळी मैत्रिणींशी उत्तरं ताडून पाहिली आणि तेव्हापासून धड जेवत नाही, झोपत नाही. पुढचा पेपर तोंडावर आलाय. काय करू?"

न्यू जर्सीतल्या एका घरातली हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी अकरावीत. 'एपी' म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय; त्यांची परीक्षा मे महिन्यात असते. त्यातला 'एपी यूएस हिस्ट्री' (अमेरिकेचा इतिहास), मुलांच्या तोंडी 'एपुश', हा तिचा सगळ्यात आवडता विषय. शुक्रवारी पेपर झाला आणि त्याच रात्री ग्रुप कॉलवर सगळ्याजणी जमल्या. जिचा आवाज सगळ्यात ठाम, तिचं उत्तर बरोबर, असं आपोआप ठरत गेलं. आपलं उत्तर वेगळं निघालं की ही गप्प बसायची आणि वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायची. कॉल संपेपर्यंत पान भरलं होतं. तेच पान तिने रविवारी व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरलं. "मावशी, हे सगळं चुकलंय."

मी तिला आधी थांबवलं. प्रश्न मला सांगू नकोस म्हटलं. या परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नांची चर्चा कुणाशीही करणार नाही, ही अट प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेआधी मान्य केलेली असते आणि ती मोडली तर गुण रद्द होऊ शकतात. अनेक पालकांना हे माहीतच नसतं. मग विचारलं, "यातल्या किती प्रश्नांचे चारही पर्याय तुला शब्दशः आठवतात?" तिने पानावरून बोट फिरवलं. एकाचेही नाही. मैत्रिणीने नेमका कोणता पर्याय निवडला होता, तेही कॉलवर कुणी नीट सांगितलं नव्हतं. "ते न्यू डीलवालं" एवढंच.

पेपर डोक्यात कसा उरतो, ते बघा. ५५ मिनिटांत ५५ प्रश्न. ज्याची खात्री असते त्याचं उत्तर आपण झटक्यात देऊन पुढे जातो, त्याची आठवणच राहत नाही. जिथे अडलो, खोडलं, पुन्हा निवडलं, तेच घरापर्यंत सोबत येतं. म्हणजे तिच्या यादीत तिच्या शंका होत्या. जे आलं होतं, ते त्या पानावर कुठेच नव्हतं.

शिवाय बहुपर्यायी भागाला एकूण गुणांपैकी ४० टक्केच वजन. २० टक्के लघुत्तरी प्रश्नांना, २५ टक्के सात दस्तऐवज वाचून लिहायच्या निबंधाला आणि १५ टक्के दीर्घ निबंधाला. या दीर्घ निबंधासाठी तीन प्रश्नांतून एक निवडायचा असतो, त्यामुळे दोघींनी एकच प्रश्न सोडवला असेल असंही नाही. तिची खरी धास्ती मात्र निबंधांचीच होती, कारण जिच्यासोबत तिने वर्षभर अभ्यास केला ती मैत्रीण म्हणाली होती, "अरे देवा, तू असं लिहिलंस?"

मी तिला वर्गात लिहिलेला एक सरावाचा निबंध आणायला सांगितलं. विषय होता अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची पुनर्रचना. हिने मांडलं होतं की गुलामगिरी संपवणारी १३वी, नागरिकत्व देणारी १४वी आणि काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क देणारी १५वी घटनादुरुस्ती झाली तरी काळ्या कुटुंबांच्या जगण्यात फरक कमीच पडला. बटाईच्या शेतीने ती कर्जात अडकली आणि १८७७ नंतर दक्षिणेत संरक्षणाला केंद्राचं सैन्यही उरलं नाही. त्याच मैत्रिणीने नेमकं उलट लिहिलं होतं: काळे पुरुष मतदान करू लागले, १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स पहिले काळे सदस्य म्हणून सिनेटमध्ये बसले, हा बदल प्रचंडच होता. शिक्षकांनी दोघींना चांगले गुण दिले होते. "मग कोण बरोबर होतं?" मी विचारलं. ती बराच वेळ निबंधाकडे बघत राहिली. "दोघी," म्हणाली.

निबंध तपासणारे शिक्षक हेच बघतात: दावा स्पष्ट आहे का, त्या काळाचा संदर्भ दिलाय का, पुरावे दाव्याला धरून आहेत का. वेळेच्या मर्यादेत लिहिताना एखादी चूक होणारच, हे गुणदानाच्या नियमांतही धरलेलं आहे. मुख्य मांडणीचे पुरावे खरे असले म्हणजे झालं. अशा पेपरची उत्तरं फोनवर जुळवून हाताला काय लागणार?

आता वडिलांबद्दल, कारण अर्धी गाठ तिथे होती. ते सांगलीकडचे. त्यांच्या दहावीला प्रश्नपत्रिका हातात घेऊन घरी यायचं, काका पेन्सिलीने खुणा करणार, बेरीज करून टक्के सांगणार. तो त्यांच्या घरातला जिव्हाळ्याचा कार्यक्रम होता. लेकीला शाळेतून आणताना त्यांनी गाडीत विचारलं, "किती बरोबर येतील?" त्यात धाक नव्हता, मायाच होती. पण लेकीला आकडा सांगता येईना आणि तो मिळवायला ती त्या कॉलवर बसली. हे ऐकून ते कळवळले. मी त्यांना एवढंच सुचवलं की गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य खाण्याबद्दलचं असू द्या. पेपरचं तिला वाटलं तर ती बोलेल.

आईची चिंता वेगळी होती: "कॉलेजच्या प्रवेशाचं काय?" शाळेतली त्या विषयाची ग्रेड शिक्षक वर्षभराच्या कामावर देतात, ती वेगळी. परीक्षेचे १ ते ५ मधले गुण जुलैमध्ये लागतात आणि ते कोणत्या कॉलेजला पाठवायचे हे विद्यार्थी ठरवतो. हे तिला लेकीसमोरच सांगितलं, म्हणजे दोघींना एकदमच कळेल.

मुलीला मी स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, "जगूच नये असं कधी मनात येतं का?" तिने नाही म्हटलं. पालकांनीही हे विचारायला कचरू नये; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर हो आलं किंवा टाळलं गेलं, तर गुणांचं बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो.

इंग्रजीचा पेपर येत्या आठवड्यात होता. ते पान आईकडे ठेवायला द्यायचं आणि मैत्रिणीला मेसेज करायचा, एवढं आमचं ठरलं. मेसेज तिने माझ्यासमोरच लिहिला: "हिस्ट्रीबद्दल आता नको बोलायला. इंग्रजीचा पेपर झाला की भेटू." थोड्या वेळाने उत्तर आलं. मैत्रिणीलाही शुक्रवारपासून झोप नव्हती. हिचं ऐकून तिला स्वतःचंच सगळं चुकलंय असं वाटत होतं.