दुपारचे राग आणि तुझा पहिला अल्बम

महाल, नागपूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

माझा नवा अल्बम ऐकून तुलाही काहीतरी हटके करावंसं वाटतंय, म्हणून मारवा रागाला गिटार आणि सिंथ जोडायचा बेत आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. गिटारशी माझं भांडण नाही, बाप्पा. १९६७ साली पं. शिवकुमार शर्मा, पं. हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी संतूर-बासरीबरोबर गिटार घेऊनच रेकॉर्ड काढली, ती लोक अजून ऐकतात. पण तुझ्या मारव्याला गिटार कशाला हवी, ते मला पत्रात सापडलं नाही.

माझ्या अल्बममध्ये नुसती दुपार आहे, म्हणजे दुपारी गायचे राग. शुद्ध सारंग, मधमाद सारंग, गौड सारंग, शेवटी मुलतानी. तबला एकट्या गौड सारंगात. वेगळं दिसावं म्हणून हे केलेलं नाही. आपल्याकडे मैफल संध्याकाळची. देशपांडे सभागृहात पूरिया, यमन, बागेश्री झाले की भैरवी गाऊन उठायचं. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे उशिरा रात्रीचा दरबारीसुद्धा घाईनं उरकायचा. आणि मे महिन्यात आपल्या गावात दुपारी तीनला चिटपाखरू दिसत नाही, तिथे सारंग ऐकायला कोण येणार? माझ्या गुरुजींसमोर घोटलेले हे राग मंचावर फारसे आलेच नाहीत. रेकॉर्डला वेळेचं बंधन नाही, म्हणून तिथे गायलो. कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद, उकाड्यानं तारा उतरायच्या, की पुन्हा तानपुरे जुळवत बसायचं. घरचे वैतागले होते.

तेव्हा मंचावर तुला जे गाता येत नाही, पण गायल्याशिवाय राहवतही नाही, असं काय आहे, ते आधी बघ. तसं काही नसेल तर अल्बम दोन वर्षं थांबला म्हणून बिघडत नाही.

लांबीचंही बघ. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तेवढ्यातच बसली आहे, आणि तीच १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तुला चाळीस मिनिटं फुकट मिळतात म्हणून तू चाळीस मिनिटं गातोस, असा मला संशय आहे.

सध्या एक कर. मुलतानी आणि तोडी या रागांचे सूर तेच, चलन, म्हणजे सुरांची चाल, निराळं. तान न घेता, तोडीत न घसरता पंधरा मिनिटं मुलतानीचा आलाप मोबाइलवर रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी ऐक. माझी नक्कल कुठे आहे आणि तू कुठे आहेस, तुझं तुलाच कळेल. ते घेऊन ये.

तबल्यावर ज्या पोराला बसवणार आहेस, त्याचे पैसे त्याच दिवशी दे आणि नाव तुझ्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात छाप. रविवारी ये, पण भर दुपारी, जेवण करून. दुपट्टा बांध, खिशात कांदा ठेव.

तुझा,
गुरुजी