भूतान : सहल आपल्या आवडीप्रमाणे

प्रश्न : आम्हा उभयतांना भूतानमधील मठ आणि उत्सव निवांतपणे पाहायचे आहेत. गटसहलीऐवजी स्वतंत्र मार्गदर्शक घ्यावा का?

उत्तर : अवश्य घ्यावा, मात्र मुक्काम ठरवण्याआधी उत्सव ठरवावा. पारोचा त्सेचू हा धार्मिक उत्सव वसंतात भरतो आणि त्याच्या अखेरच्या दिवशी, ऊन पडण्यापूर्वीच, बौद्ध गुरू पद्मसंभवांचे भव्य वस्त्रचित्र उलगडून पुन्हा गुंडाळले जाते. त्यासाठी अंधारातच निघावे लागते, जे मोठ्या गटाला सहसा जमत नाही. मुखवटानृत्यात कोणते रूप कोणाचे, हे सांगणारा जाणकार शेजारी असेल, तरच त्या सोहळ्याचा अर्थ उलगडतो. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्याला धार्मिक परंपरेची किती जाण आहे, हे आधी विचारावे.

पुनाखाला घाईने उरकू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरील, १६३७ साली बांधायला घेतलेला तेथील द्झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, किमान अर्धा दिवस मागतो. मंदिरांच्या गाभाऱ्यात छायाचित्रण वर्ज्य असते आणि अंगभर कपडे आवश्यक असतात. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. भूतान सरकार पर्यटकांकडून घेते ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांसाठी माणशी प्रतिरात्र १,२०० रुपये आहे, ते मार्गदर्शकाच्या मानधनाहून वेगळे धरावे.