नवा म्हणून विकलेला जुना डिझेल पंप

प्रश्न : माझी 2008 सालची टाटा 207 पिकअप आहे. मी स्वतः ती चालवून आंबेगाव तालुक्यातून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी पोहोचवतो. डिझेल पंप डीलरकडे मिळेना, म्हणून सात महिन्यांपूर्वी नाना पेठेतील एका दुकानातून ‘नवीन, कंपनीचा’ म्हणून 34,000 रुपयांना घेतला. पैसे यूपीआयने दिले. मिळाली ती कच्ची चिठ्ठी, खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. बाराव्या दिवशी गाडी चाकणला बंद पडली. मिस्त्रीने पंप उतरवला, तर ताज्या रंगाखाली पान्याचे जुने ओरखडे दिसले आणि नंबरची पट्टी घासलेली निघाली. मी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो, पण दुकानदार म्हणतो, गाडी धंद्याची आहे, ग्राहक आयोगात तुमचे चालणार नाही. मिस्त्री आता जुने इंजिनच पंपासकट बसवू म्हणतो. काय करावे?

उत्तर : धंद्याच्या गाडीचा मुद्दा आधी पाहू, कारण दुकानदाराचा वकील सर्वप्रथम तोच मांडेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, हे खरे आहे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात तर जवळपास आपलेच उदाहरण दिले आहे : मालवाहतुकीसाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच असतो, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. आपल्या तीन गाड्या असत्या आणि त्या पगारी ड्रायव्हर चालवत असते, तर मी हे इतक्या ठामपणे लिहिले नसते. गाडी आपण स्वतः चालवता व घर तिच्यावरच चालते, हे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा आणि लायसन्सची प्रत जोडा.

जुना पंप विकणे हा गुन्हा नाही. पंधरा-सतरा वर्षांच्या कितीतरी गाड्या अशाच मालावर धावतात, आणि हाच पंप रिकंडिशन, म्हणजे जुना दुरुस्त केलेला, म्हणून विकला गेला असता तर आपली बाजू लंगडी पडली असती. आक्षेप आहे तो जुना माल नवा म्हणून विकण्याला, आणि कलम 2(47) मध्ये त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. बिल न देणे, तसेच बिलावर मुदत नसल्यास तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे, हेही त्याच कलमात बसते. त्यामुळे त्या शिक्क्याला घाबरण्याचे कारण नाही. मात्र चिठ्ठीवर नेमके काय लिहिले आहे, हे आपण कळवलेले नाही. त्यावर कोपऱ्यात ‘आर/सी’ अशी दोन अक्षरे जरी असली, तरी दुकानदार त्यांचा अर्थ रिकंडिशन असाच लावील. तसे असल्यास ‘नवीन’ म्हणून झालेले बोलणे व्हॉट्सॲपवर शोधा, आणि तो फोन विकू नका.

पंप हाच आपला मुख्य पुरावा आहे. तो पुन्हा गाडीवर चढवू नका, पूर्ण खोलू देऊ नका, आणि ‘ठेवून जा, बदलून देतो’ असे दुकानदार म्हणाला तरी लेखी पोच घेतल्याशिवाय हातचा सोडू नका. ओरखड्यांचे व पट्टीचे फोटो काढा, मिस्त्रीचे शपथपत्र घ्या. आयोग पंप तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च सहसा तक्रारदाराला आधी भरावा लागतो. नंबर घासलेला असल्यामुळे माल चोरीचा असण्याची शंकाही सोडून देता येत नाही, म्हणून तो भंगारवाल्याला देऊन मोकळे होण्याचा विचार करू नका. ही गोष्ट पोलीस ठाण्यात लेखी अर्जाने कळवून पोच ठेवणे शहाणपणाचे ठरेल, कारण चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

दुकानदाराला पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. ती सक्तीची नाही, पण निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. किंमत परत मागाच. गाडी उभी राहिल्याचे नुकसानही मागा, पण ते अंदाजाने लिहू नका. आधीच्या महिन्यांच्या मार्केट यार्डातील विक्रीच्या हिशेबपट्ट्या आणि भाड्याची वही यांवरून रोजची कमाई दाखवावी लागेल.

इंजिन बदलण्याची मात्र घाई नको. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे हा बदल आरटीओकडे नोंदवावाच लागतो, म्हणून मंजुरी आधीच घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. ते इंजिन ज्या गाडीचे आहे तिच्या आरसीची प्रत आणि पक्के बिल मिळत नसेल, तर ते घेऊ नका.