कान दुखत नाही, म्हणून थांबू नका

तुम्ही विचारलंय, वडिलांचा एक कान अधूनमधून वाहतो, दुखत मुळीच नाही, थेंब घातले की काही दिवस बरं असतं; तरी डॉक्टरांना दाखवायला हवं का? हो, आणि याच आठवड्यात. दुखत नाही म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

लहान मुलाचा कान ठणकला की ते घर डोक्यावर घेतं, त्यामुळे उपचार होतात. मोठ्यांचा जुना वाहता कान बहुधा दुखत नाही. आम्ही कळव्याला राहतो. माझ्या मोठ्या भावाच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडायचे, त्यांना कुजका वास यायचा. त्याची तक्रार एवढीच, की कानाला दडा बसलाय. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं, उजवा डोळा मिटेना. आम्ही धरून चाललो अर्धांगवायू. निघाला कोलेस्टिएटोमा.

हा कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिची पिशवी होऊन वाढत राहते आणि शेजारचं हाड झिजवते. मध्यकर्णाचं, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीचं, छत म्हणजे हाडाचा पापुद्रा, त्याच्या वर मेंदू. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तोल सांभाळणारा भाग लगत, मागे मेंदूकडून रक्त आणणारी मोठी शीर. म्हणूनच दुर्लक्ष झालं तर मेंदूज्वर, मेंदूत पू, त्या शिरेत गुठळी, असं काहीही होऊ शकतं. भावाचं ऑपरेशन तातडीने झालं. चेहरा हळूहळू सावरला, ऐकू मात्र पूर्वीसारखं येत नाही.

थेंबांनी वरचा पू सुकतो, ती पिशवी जात नाही. पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानालाच इजा करतात. तेल-लसूण तर नकोच.

ठाण्यात असाल तर महापालिकेच्या कळवा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मायक्रोस्कोपखाली कान साफ करून पडदा बघायला सांगा, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून घ्या. डॉक्टरांना गरज वाटली तर ते कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन सांगतील. मधुमेह असेल तर आधीच सांगा. कान न वाहता एकाच कानाला दडा बसून राहिला, तरी नाकामागची जागा तपासून घ्यावी लागते, कारण तिथल्या गाठीनेही दडा बसू शकतो.

आणि ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, गरगरणं, गुंगी, कानामागे सूज किंवा तोंड वाकडं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत न्या.